वेष्टनात बांधलेला देवदूत

॥ श्री वीतरागाय नमः ॥
शाहूपुरी, कोल्हापूर
३ मार्च २०२५

लेखिका दीक्षा शिंगे यांस,

तुमचा माझा परिचय नाही, आणि हे पत्र वाचून झाल्यावर तो व्हावा असं तुम्हाला वाटणारही नाही. पण 'पंख उतरल्यावर' या तुमच्या दुसऱ्या भागाच्या पुस्तकात आतल्या पहिल्या पानावर पत्ता छापून 'वाचकांनी जरूर कळवावे' असं लिहिलंय, म्हणून कळवते. मोबाईलवर माझी बोटं घसरतात, तेव्हा शाईनं लिहिते.

पुस्तक वाईट आहे.

तुमचा पहिला भाग आमची नात प्राची (वय तेरा) हिनं तीनदा वाचला. मीही वाचला, चष्मा पुसून पुसून वाचला. धुरळ्यानं सगळी गावं बुजली, सूर्य दिसेनासा झाला, उरलेली माणसं साखर कारखान्याच्या गोदामात राहतात आणि तिथं पंख मोडलेला एक देवदूत येऊन पडतो. निरभ्र त्याचं नाव. तो त्या आईवेगळ्या रेवाला सांगतो, तुझी आई ढगाच्या वरच्या अंगाला आहे, माझे पंख बरे झाले की तुला नेतो. हे मला पटलं. देवदूतानं असंच बोलावं.

दुसऱ्या भागासाठी प्राचीनं वर्षभर वाट बघितली. वाढदिवसाला ड्रेस नको म्हणाली, पुस्तक द्या म्हणाली. चारशेला एक रुपया कमी घेतलात, आणि कागद असा की या पानावरून पुढचं पान वाचता येतं. तेही जाऊ द्या. पण आत काय? पंख बरे होतात. ती पोर वेणी घालून, डबा बांधून तयार होते. आणि हा म्हणतो, वर कोणी नाही, नुसती थंडी आहे. आणि पंख काढून खुंटीला अडकवतो! देवाच्या दूताचे पंख म्हणजे काय पावसाळी कोट आहे?

शिवाय तुमचे देवदूत रात्री जेवतात, जे आम्ही जैन माणसंही करत नाही. एक तर कावळा मारतो. आमच्या गल्लीतली तेजस्वी, प्राचीची मैत्रीण, तिनं कव्हर फाडून ठेवलं, म्हणाली निरभ्रचे पंख काढणाऱ्या बाईचं तोंड बघणार नाही. मी तसं म्हणत नाही. पण प्राचीनं पुस्तक संपवून, आत लाल रिबीन घालून, माझ्या उशाशी आणून टाकलं आणि त्यानंतर तिनं त्याचं नाव घेतलेलं नाही. यावरून काय ते समजा.

तिसरा भाग लिहिणार असाल तर त्यात रेवाच्या आईला परत आणा. नसेल जमत तर लिहू नका.

त्रिशला बाहुबली मगदूम


वारणानगर
१२ मार्च २०२५

त्रिशलाबाई, सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी शाळेच्या शिक्षक-खोलीत फोडलं. (मी इथं सातवी-आठवीला मराठी शिकवते. पुस्तकं लिहून पोट भरत नाही, चारशेला एक रुपया कमी लावूनही.) शेजारच्या बाईंनी विचारलं, लग्नपत्रिका आली काय? म्हटलं, नाही, मारायला माणूस आलंय.

महिनाभर मला शिव्याच येताहेत, पण त्या सगळ्या मोबाईलवर. एकानं लिहिलं, पहिला भाग तूप, दुसरा भाग तुपाचं रिकामं भांडं. एकीनं एकच तारा दिलाय, कारण पार्सल भिजून आलं. एक जण म्हणतो, लेखिकेला कुणी दोन वेळा जेवायला घाला म्हणजे ती असं लिहिणार नाही. शाईनं लिहिलेली शिवी तुमची पहिली. जपून ठेवते.

आता उत्तर. माझ्या पुस्तकात रात्री कोणीच जेवत नाही, कारण तिथं सूर्यच दिसत नाही. रात्र कुठली नि दिवस कुठला, हे त्या माणसांनाही कळत नाही. कावळा मारला जात नाही, तो मेलेला सापडतो. आमच्या घरात देवही नव्हते आणि त्यांचे दूतही, त्यामुळे देवदूताची रीत मी मोडली असं तुम्हाला वाटलं तर वाटो. मी लहानपणी कारखान्याच्या कॉलनीत मळीचा वास घेत वाढले. तिथल्या चिमणीवर कोणी येऊन बसलं तर ते कसं दिसेल, एवढंच माझं भांडवल.

पण मला एक विचारायचंय. निरभ्र खरं सांगतो त्या पानापर्यंतचे सगळे दोष तुम्ही बरोबर काढलेत. त्याच्या पुढच्या पानांमधला एकही काढला नाहीत. तिथं दोष नाहीत, की तुम्ही तिथवर गेलाच नाहीत?

दीक्षा शिंगे


॥ श्री वीतरागाय नमः ॥
कोल्हापूर
२१ मार्च २०२५

दीक्षाबाई,

मी जुनी मॅट्रिक आहे. घरचा किराणा, बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, महिला मंडळाचा जमाखर्च, सगळं चाळीस वर्षं मीच लिहिते. मला वाचता येत नाही असं सुचवायचं असेल तर तोंडावर येऊन सुचवा, गवती चहा करून पाजते आणि मग दार दाखवते.

नाही वाचलं पुढं. आणि का नाही, तेही ऐका.

आमच्या सूनबाई आदिती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. प्राची तेव्हा नऊ वर्षांची. दवाखान्यातून आणता आलं नाही, दाखवता आलं नाही. आमचा जिनेश, प्राचीचा बाप, महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडून होता. आता कबनूरला सुताच्या व्यापारात आहे, सकाळी जातो, दिवे लागायच्या आत येतो, जेवतो, झोपतो. पोरीला कुणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं. आई स्वर्गात देव झाली. तिथं डोळ्याची पापणी लवत नाही, गळ्यातली फुलं सुकत नाहीत, अंगाला घाम नाही, धाप नाही. धाप नाही, हे मी दर वेळी दोनदा सांगायची. आणि तिथून तिला तू दिसतेस.

हे आमच्या शास्त्रात आहे की नाही ते मला शिकवू नका. देवगती आहे. आदितीला ती मिळाली की नाही, हे मला कुठून कळणार? पण मी मिळाली म्हणून सांगितलं, चार वर्षं सांगितलं, आणि पोर जेवायला लागली, शाळेत जायला लागली. तुमच्या पहिल्या भागातल्या निरभ्रनं माझंच म्हणणं उचलून धरलं होतं. मला वाटलं, चला, कुणीतरी साथीला आलं.

आणि दुसऱ्या भागात त्यानं एका ओळीत सगळं पुसून टाकलं.

त्या दिवसापासून प्राची माझ्याशी बोलत नाही. 'हां', 'नको', 'ठेव' एवढंच. पूर्वी शाळेतून आली की माझ्या पाठीमागं पाठीमागं, आता खोलीत. आमचे हे म्हणतात, "आता सोड की तिला. पोरगी पुस्तक लिवत्या, खून न्हाय केला." मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय.

पुस्तक मी रद्दीत घातलं नाही. छापलेल्या अक्षराचा अवमान, आशातना म्हणतो आम्ही, माझ्या हातून व्हायचा नाही, मग ते अक्षर कसलंही असो. जुने ग्रंथ ठेवतो त्या कपाटात, तसंच पिवळ्या कापडाच्या वेष्टनात बांधून, सगळ्यात खाली ठेवलंय. तिथं कुणाचा हात जात नाही.

आईला परत आणा. तुमच्या हातात लेखणी आहे, तुम्हाला काय अवघड आहे? पंख काढता आले तसे परत लावताही येतील.

त्रिशला मगदूम


वारणानगर
५ एप्रिल २०२५

त्रिशलाबाई,

चार दिवस उत्तर लिहून फाडत होते. आदितीताईंबद्दल काय लिहावं कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

पण आईला परत आणणार नाही. प्रकाशकही तेच म्हणताहेत, आणा, भाग दोन पडला, भाग तीन उचलला जाईल. त्यांनाही नाही म्हटलंय.

कोरोनानंतर शाळा पुन्हा उघडली तेव्हा माझ्या वर्गात एक पोरगा होता. बाप गेलेला. घरी सगळ्यांनी सांगितलेलं, बाबा दुबईला कामाला गेलेत. निबंधाला विषय दिला, 'माझे बाबा'. त्यानं सुंदर लिहिलं, दुबईतल्या उंच इमारती आणि काय काय, आणि शेवटी एकच ओळ, बाबा आता कधीच येणार नाहीत. वही देताना म्हणाला, बाई, हे घरी दाखवू नका, मला माहीत हाय हे त्यांना कळंल. त्या पोराला मी दुसरा भाग देणं लागत होते, बस्स.

तुम्ही निरभ्रवर चिडलात. माझं म्हणणं, तुम्ही रेवाकडं बघितलंच नाही.

पुस्तक प्राचीला परत द्या. आणि एक सांगाल? ती रिबीन कोणत्या पानात होती?

दीक्षा


(पोस्टकार्ड)
कोल्हापूर, १४ एप्रिल २०२५

दीक्षाबाई, रिबीन मी काढून बटणांच्या डब्यात टाकली. पान बघितलं नाही. कागदाचा मुद्दा सोडून रिबिनीचं काय विचारता? पोरगी अजून बोलत नाही. सुट्टी लागली की दिवसभर घरात असेल आणि दिवसभर बोलणार नाही. दुबईच्या पोराचं तुमच्यापाशी ठेवा. आईला आणता की नाही, एका शब्दात कळवा. — त्रि. म.


वारणानगर
२० मे २०२५

त्रिशलाबाई,

आणते.

एका शब्दात मागितलंत, दिलं. तरी थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्याशिवाय मी हे कुणाला सांगणार?

मागच्या आठवड्यात तुमच्याच कोल्हापुरात एका वाचनालयात माझा कार्यक्रम झाला. खुर्च्या मांडल्या त्यातल्या निम्म्या मध्येच रिकाम्या झाल्या. एक बाई, मुलीला कडेवर घ्यावं तशी जवळ धरून, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगाय तुमाला कुणी बोलावलं होतं, पावणं? खरं आमच्या घरात रोज हाय की." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या एसटीत मला तुमचं पत्र आठवलं. धाप नाही, हे तुम्ही दोनदा सांगायचात.

मी दमले. सगळ्या वाचकांना आई हवी आहे, तर घ्या आई. भाग तीनच्या पहिल्याच प्रकरणात रेवाची आई ढगावरून उतरेल. निरभ्र पंख परत लावेल. तो कोटच समजा. प्रकाशकांना कळवलंय, ते खूश आहेत. जूनच्या मध्यापर्यंत प्रकरण द्यायचंय.

आदितीताई कशा बोलायच्या, कशा चालायच्या, लिहून पाठवलंत तर ती आई थोडी त्यांच्यासारखी करेन. तुम्ही जिंकलात. मला त्याचा आनंद झाला असं मात्र समजू नका.

दीक्षा


॥ श्री वीतरागाय नमः ॥
कोल्हापूर
३ जून २०२५

चि. दीक्षा,

प्रकरण पाठवलं नसशील तर थांब. पाठवलं असशील तर परत मागव. काय सांगायचं ते त्यांना सांग, पण मागव.

आता मुकाट्यानं वाच.

शनिवारी श्रुतपंचमी झाली. तुला माहीत नसेल म्हणून सांगते. त्या दिवशी आम्ही ग्रंथांची पूजा करतो. कपाटातले ग्रंथ बाहेर काढायचे, ऊन दाखवायचं, झटकायचे, जुनी कापडं बदलून नवीन वेष्टनं घालायची आणि चौरंगावर मांडून अक्षता वाहायच्या. आमच्या मंडळाची रीत अशी की घराघरातले ग्रंथही बस्तीत न्यायचे. पूजा झाली की जिच्या पुढ्यात जो ग्रंथ आला तिनं तो सोडून चार ओळी मोठ्यानं वाचायच्या, बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचं.

मी सकाळीच बस्तीत गेले होते, चौरंग धुवायला. ग्रंथ न्यायला बायका घरी आल्या तेव्हा आमचे हे एकटेच होते. त्यांनी कपाट उघडलं आणि वरपासून खालपर्यंत सगळी गाठोडी काढून दिली. "पिवळ्या फडक्यात हाय ते सगळं देवाचं," असं म्हणाले म्हणे. आणि ओझं उचलायला प्राचीला बरोबर पाठवलं.

मला काहीच ठाऊक नाही. मी पुढं बसून अक्षता वाहतेय, केशराचं बोट लावतेय. एका गाठोड्याला लावताना वाटलं, हे जरा मऊ लागतंय, कापड जुनं झालं असेल. पुढं सरकले. म्हणजे तुझ्या निरभ्रला मी स्वतःच्या हातानं केशर लावलं, हे लक्षात ठेव आणि फुशारून जाऊ नकोस.

मग वाचन सुरू झालं. आमच्यात सगळ्यात वडील जिनमती अक्का, मोतीबिंदू झालेला. त्यांच्या पुढ्यात ते गाठोडं आलं. गाठ सोडली, बोटांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "मला काय दिसंना झालंय बाई. पोरी, तू वाच." पोरी म्हणजे प्राची. ती खांबाला टेकून बसली होती.

प्राचीनं पुस्तक हातात घेतलं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं काय झालंय ते. माझे हात जोडलेले, तसेच राहिले. ओरडावं तर सगळ्यांसमोर काय सांगू? आणि पोरगी हसली नाही, गडबडली नाही. पानं उलटली, तिला हवं ते पान काढलं, आणि माझ्याकडं बघत वाचलं. मला ते आता तोंडपाठ आहे:

'रेवा म्हणाली, मला माहीत होतं. तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच कळलं होतं. तुझा आवाज खाली गेला होता. निरभ्र म्हणाला, मग इतके दिवस डबा का बांधत होतीस? रेवा म्हणाली, तुला सांगताना बरं वाटत होतं म्हणून. तुझ्याकडं मला द्यायला दुसरं काही नव्हतं. पण आता मला तिच्याबद्दल बोलायचंय, आणि तू वर बोट दाखवलंस की मला बोलता येत नाही.'

चाळीस बायका हात जोडून. कुणीतरी डोळ्याला पदर लावला. जिनमती अक्का मान हलवत म्हणाल्या, "लई गोड हाय की गं. कुठल्या पुराणातलं?"

प्राची म्हणाली, "दुसऱ्या भागातलं."

"आदिपुराण झालं की दुसरा भाग येतोय," अक्कांनी बाकीच्या बायकांना समजावून सांगितलं, आणि सगळ्यांनी जयकार केला. मी पण केला. न करून कुठं जाते?

दोघी घरी यायला निघालो. रिक्षा सोडून चालत आलो. दारात आल्यावर प्राची म्हणाली, "आज्जी, मी तुझ्या उशाशी वाचायला ठेवलं होतं. रिबीन घालून. तू बांधून ठेवलंस."

"मला वाटलं तुला राग आला पुस्तकाचा," मी म्हटलं.

"पुस्तकाचा कशाला येईल?" म्हणाली.

बटणांचा डबा ओतला. रिबीन मिळाली. तिनं त्याच पानात घातली, पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर पाटावर बसून राहिली. मी वाचलं. शेवटपर्यंत. मध्ये उठले नाही, चहाही नाही.

संपल्यावर तिनं एकच विचारलं. "आई फोनवर शेवटी काय बोलली?"

दवाखान्यातून आदितीचा फोन मला आला होता. जिनेशला नाही, मला. हे घरात कुणाला माहीत नाही, पण प्राचीला माहीत होतं, ती त्या वेळी माझ्याजवळ पलंगावर झोपल्याचं सोंग करून पडली होती. नऊ वर्षांची पोर. म्हणजे मी स्वर्गाच्या गोष्टी सांगत होते आणि ही रोज वाट बघत होती, आज तरी आज्जी फोनचं सांगेल.

सांगितलं. आदिती धापा टाकत होती. एवढंच म्हणाली, आई, प्राचीच्या वेणीला ते काळं रबर घट्ट लावू नका, केस तुटतात तिचे. मी म्हटलं, बरं. मग लाईन तुटली. एवढंच. स्वर्ग नाही, सुगंध नाही, काही नाही. रबर. मला वाटायचं, एवढुसं काय सांगायचं पोरीला, तिला काहीतरी मोठं द्यावं.

प्राची रडली. मीही. मग तिनं केस सोडले आणि माझ्यापुढं पाठ करून बसली. मी रिबीन उचलून वेणीला बांधायला गेले, तर म्हणाली, "ती नको, ती पुस्तकाची आहे." म्हणून सुती नाडी बांधली, सैल.

तेव्हापासून आदिती घरात आहे. जेवताना तिचा विषय निघतो. आदितीला आमटीत गूळ जास्त लागायचा, ती पायरी सोडून उडी मारून उतरायची, नृसिंहवाडीला संगमावर तिची चप्पल वाहून गेली तर अनवाणी हसत आली. काल जिनेश जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "दोन्ही चपला गेल्या होत्या." चार वर्षांत त्यानं तिच्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी प्राचीला तुझं पत्र दाखवलं. आई ढगावरून उतरणार म्हणून. तिनं वाचलं आणि म्हणाली, "मग मी तिसरा भाग वाचणार नाही." नुसतं एवढंच, आणि ताटं घ्यायला गेली.

तेव्हा तू आईला आणायचं नाहीस. प्रकाशकाला माझं नाव सांग. हवं तर इथं पाठव, गवती चहा पाजते. आदितीचं चालणं-बोलणं मागितलं होतंस, तेही देणार नाही. ते आम्हाला लागतं.

आणि हे बघ, पुस्तक मला अजूनही आवडलेलं नाही. कावळ्याचं काढून टाक. खुंटीला पंख अडकवणं मला पटत नाही ते नाहीच. कागद वाईट आहे हे मी आजही कुणाहीसमोर म्हणेन. कव्हरवर केशराचा डाग पडलाय, धुऊन निघत नाही. प्राची म्हणते राहू दे, आता त्याची पूजा झालीय.

तिसरा भाग आला की एक प्रत आमच्याकडं पाठव. आधी मी वाचणार, मग प्राची. रिबीन माझ्यापाशी आहे.

तुझी,
त्रिशला आज्जी